घटात बसलेला सम्राट

सिंगापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मधली दोनेक वर्षं अशी होती की दात घासायचा ब्रश बाथरूममध्ये सापडला तर मला नवल वाटायचं. बहुतेक वेळा तो नवऱ्याच्या टेबलावर असायचा आणि त्यानं एखाद्या रोमन सम्राटाचे कान साफ करणं चालू असायचं. आधी नवऱ्याचा स्वतःचा ब्रश गेला, मग माझा, मग मुलीचा गुलाबी सशाचा. टूथपिकचे डबे मी दर आठवड्याला आणत होते. दुकानातल्या काउंटरवरच्या मावशीनं एकदा मला विचारलंही, तुमची खाणावळ आहे का म्हणून.

प्रकार असा होता की नवऱ्यानं इंटरनेटवरून जुनी रोमन नाणी मागवायला सुरुवात केली होती. सोन्याचांदीची परवडली नसती, ही ब्रॉन्झची. तिकडे युरोपात ती जमिनीत ढिगानं सापडतात म्हणे, आणि काही लोक ती न धुता, न पुसता, आहेत तशी विकतात. पहिलं पाकीट आलं ते मी उघडलं आणि मला वाटलं, ह्याला कुणीतरी चांगलाच गंडवला. आत ढेकळं होती. बोटाच्या नखाएवढी मातीची ढेकळं.

"ही माती तू पैसे देऊन मागवलीस?" मी विचारलं.

"माती नाही गं. आत सतराशे वर्षांपूर्वीचं नाणं आहे."

"मग नाणंच मागवायचंस."

"तयार नाण्यात काय मजा?" तो म्हणाला. मेथी निवडायला सांगितली की 'हल्ली निवडलेली मिळते ना पिशवीत' असं ज्यानं दहा वर्षं ऐकवलं, त्या माणसाचं हे बोलणं.

ह्या ढेकळांतून नाणं बाहेर काढायची एक रीत होती आणि ती त्यानं आम्हाला इतक्या वेळा सांगितली की मुलगी शाळेत त्यावर निबंध लिहू शकली असती. आधी महिनोन्महिने भिजत घालायचं. पाणी डिस्टिल्ड हवं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ब्रॉन्झला खातं. ते पाणी आठवड्याला बदलायचं. मग मऊ ब्रश, मग टूथपिक, मग सुई, तीही भिंगाखाली. घाई करायची नाही. लिंबू, चिंच, मीठ, व्हिनेगर असलं काही तर जन्मात लावायचं नाही. इतक्या वर्षांत नाण्यावर जो तपकिरी-हिरवा थर जमतो ती त्याची कातडी असते, आणि झिजलेल्या नाण्यावर सम्राटाचा चेहरा उरलेला असतो तो त्या कातडीतच. ती सोलली की खाली नुसता लाल धातू.

डिस्टिल्ड पाण्याचे चार-चार लिटरचे कॅन कोण आणायचं? मी. त्याचं ऑफिस चांगी बिझनेस पार्कात, घरापासून हाकेच्या अंतरावर. माझं रॅफल्स प्लेसला. अर्धा तास MRT मेट्रोत उभं राहून, सिमेईला उतरून, स्टेशनसमोरच्या सुपरमार्केटमधून रोमन साम्राज्याचं पाणी भरायला मी जायचे. "तुझ्या वाटेवरच आहे ना," असं त्याचं म्हणणं. माझ्या वाटेवर खूप काही होतं, पण ते असो.

भिजत घातलेले डबे स्वयंपाकघरामागच्या कपडे वाळत घालायच्या जागेत रांगेनं मांडलेले असत. तेवीस डबे, तेवीस तऱ्हांचं गढूळ पाणी. सिंगापुरात घरात साठलेलं पाणी म्हणजे डासांची पैदास आणि थेट दंड, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. डेंग्यूची तपासणी करणारी बाई टॉर्च घेऊन आली, तिनं कुंड्या पाहिल्या, फुलदाणी पाहिली, बादल्या पाहिल्या आणि त्या रांगेसमोर उभी राहिली. "आंटी, धिस वन व्हॉट सूप आह?" तिनं मला विचारलं. नवऱ्यानं पुढं होऊन तिला रोमन साम्राज्याचा ऱ्हास समजावायला घेतला. तिला फक्त झाकणं हवी होती. ती गेल्यावर मी तेवीस झाकणं शोधत बसले, आणि माझे मसाल्याचे डबे पुढं कित्येक महिने उघडे राहिले.

भरीत भर म्हणून ब्रॉन्झला रोगही होतो. हवा दमट असली की नाण्यावर फिकट हिरवी पावडर धरते आणि ती आतून नाणं पोखरत जाते. सिंगापुरात हवा दमट नसते असा दिवस मला माहीत नाही. म्हणून फोटोग्राफर लोक कॅमेरे ठेवतात तसलं कोरड्या हवेचं इलेक्ट्रिक कपाट आमच्या बेडरूममध्ये आलं. त्यात नाणी. शेजारच्या साध्या लाकडी कपाटात माझी लग्नातली पैठणी. त्या वर्षी मी पैठणी काढली तर पदरावर बुरशीचे ठिपके. मी ती त्याच्यापुढं धरली. त्यानं खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाला, "खालच्या कप्प्यात थोडी जागा करता येईल." मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते चौथ्या दिवशी लक्षात आलं.

हे सगळं सुरू झालं ते सासरे गेल्यानंतर सहा महिन्यांनी. सासरे पुण्यात गेले, अचानक, सकाळी पेपर वाचताना. नवरा तेव्हा ऑफिसच्या कामासाठी अमेरिकेत होता. तिथून निघून, विमानं बदलत, एक विमान चुकवत तो पोचला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर चुलतभावानं अग्नी दिला होता आणि अस्थीही नदीत सोडून झाल्या होत्या. पुढचे दिवस त्यानं सगळं रीतसर केलं, तेराव्याला पंगतीत वाढलंही. मग तो परत आला, कामाला लागला, आणि त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. माझ्याशी नाही आणि आईशीही नाही. सहा महिन्यांनी ढेकळांचं पाकीट आलं.

दोनेकशे नाण्यांपैकी बहुतेकांतून काहीच निघालं नाही. नुसत्या गुळगुळीत चकत्या. पण एक निघालं. ते त्यानं चौदा महिने साफ केलं होतं. एका रविवारी दुपारी तो असा ओरडला की मला वाटलं सुई डोळ्यात गेली. मी धावत गेले. "बघ, बघ," म्हणत त्यानं माझ्या हातात भिंग दिलं. एका बाजूला कपाळावर पट्टा बांधलेला माणूस, नाक तरतरीत. दुसऱ्या बाजूला भाले घेतलेले दोन शिपाई, मध्ये झेंडा. शिपायांचे गुडघेसुद्धा दिसत होते. मला कबूल केलं पाहिजे, ते पाहून मलाही जरा गंमत वाटली. पण तसं बोलून दाखवलं असतं तर आणखी चार पाकिटं आली असती, म्हणून मी म्हटलं, "छान आहे. आता ब्रश दे माझा."

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्याला तेव्हा दोनेक महिने झाले होते. पुण्याचं घर कुलूप लावून, दोन बॅगा घेऊन. एका बॅगेत त्यांच्या साड्या आणि दुसरीत सगळी पूजेची भांडी. त्यांचं वय, त्यांचे गुडघे आणि एकटेपणा पाहता त्या इथंच राहाव्यात असं आमचं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं आणि नवऱ्यानं मान हलवली होती. मायलेकांचं एकमेकांशी बोलणं गोळ्या घेतल्यास का, जेवलास का, ह्याच्या पुढं जात नसे.

त्या आल्या त्याच महिन्यात आम्ही त्यांना पुलाउ उबीन हे जवळचं छोटं बेट दाखवायला नेलं. बारा माणसं जमेपर्यंत होडी सुटत नाही, म्हणून आम्ही धक्क्यावर ताटकळलो आणि मग डिझेलच्या वासात दाटीवाटीनं बसलो. होडीवाल्यानं पैसे गोळा करायला हात पुढं केला आणि नवऱ्याला स्फुरण चढलं. "आई, तुला माहितीये का, रोमन लोक मेलेल्या माणसाच्या तोंडात एक नाणं ठेवायचे. पलीकडं जाताना नदी लागते, तिथल्या नावाड्याला द्यायला. माझ्याकडची काही तशीही असतील." ही गोष्ट तो आमच्याकडे जेवायला आलेल्या प्रत्येकाला सांगायचा, आणि नेमकी श्रीखंड वाढताना. घरी तो ही गोष्ट सुरू करायचा आणि सासूबाई उठून आत जायच्या. होडीत आत जायला जागा नव्हती. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि उबीन येईपर्यंत पाण्याकडं तोंड करून बसल्या. मी त्याला कोपरानं ढोसलं. माझा समज असा की माउली कंटाळली.

मग नवरात्र आलं. सासूबाईंनी लग्न झाल्यापासून चाळीसहून जास्त वर्षं घट बसवला होता. सासरे गेले त्या वर्षी बसला नाही, पुढच्या वर्षी त्यांचा धीर झाला नाही. "आता तू बसवायचा," त्या मला म्हणाल्या. "मी नुसती सांगेन. ह्या वर्षी नाही बसला ना, तर मग ह्या घरात कधीच नाही बसायचा, मला माहितीये." त्यांनी हे मुळीच आवाज न चढवता सांगितलं, आणि मी नाही म्हणू शकले नाही. खरं तर माझ्या ऑफिसात तिमाहीचं काम गळ्याशी आलं होतं.

तयारीनं माझा जीव खाल्ला. शेतातली माती पाहिजे. सिंगापुरात शेत कुठून आणू? नर्सरीतून कुंड्यांची माती आणली, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेली, वर टोमॅटोचं चित्र. सासूबाईंनी हुंगून पाहिली. "हिला वासच नाही गं." विड्याची पानं, आंब्याची डहाळी, झेंडूच्या माळा ह्यांसाठी लिटल इंडियाच्या दोन फेऱ्या झाल्या. नऊ दिवस अखंड दिवा तेवत ठेवायचा, म्हणून नवऱ्यानं वरचा स्मोक डिटेक्टर तपासला. त्याचं योगदान तेवढंच.

घटस्थापनेच्या सकाळी मी अर्धी रजा घेतली. नवरा घरूनच काम करत होता, म्हणजे कानात इअरफोन घालून टेबलाशी बसून कुणालातरी 'येस, येस, अब्सोल्यूटली' म्हणत होता. माती पसरली, धान्य पेरलं, तांब्याचा कलश ठेवला, पाणी भरलं, सुपारी टाकली. आता नाणं. आमच्या घरी कलशात तांब्याचं नाणं घालतात. ते घरच्या पुरुषानं दिलेलं लागतं. सासरे असताना एक जुना पैसा होता, दरवर्षी तोच. घट उठला की तो पूजेच्या भांड्यांबरोबर चिंचेनं घासायचा आणि देवघराच्या खणात ठेवायचा. घासून घासून त्याच्यावरचा राजा केव्हाच पुसला गेला होता. मी सुनेच्या नात्यानं तो बारा-पंधरा वेळा तरी पाहिला असेन.

"तो पैसा आणलाय ना?" मी विचारलं.

"नाही," सासूबाई म्हणाल्या आणि उठून नवऱ्याच्या टेबलाशी गेल्या. "अरे, तांब्याचं एक नाणं दे रे, घटात घालायचंय."

त्यानं कानातलं न काढता हात हलवला. "घे ना तिथलं." त्याला म्हणायचं होतं, खणातली सुटी नाणी. टेबलावर नाण्यांनी भरलेल्या वाट्या होत्या, काळ्या-मातकट. त्यांच्या शेजारी एका छोट्या ताटलीत, पांढऱ्या कापसावर, एकच स्वच्छ नाणं होतं, कारण तो त्याचे फोटो काढत होता. कुणी देवाला मळकं नाणं देईल का? सासूबाईंनी स्वच्छ ते उचललं, पाण्यानं धुतलं, हळदकुंकू लावलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते कलशात सोडलं. डुबुक. वर पानं लावली, नारळ ठेवला, पहिली माळ बांधली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परत आले तर घर उलटंपालटं. सोफ्याच्या गाद्या खाली, कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा, आणि नवरा हातापायावर. "माझं नाणं बघितलंस?" त्यानं मला विचारलं. कुठलं ते सांगायची गरज नव्हती. आणि त्याच क्षणी मला ती कालची डुबुक ऐकू आली.

सासूबाई देवापुढं वाती वळत होत्या. "ते होय? ते घटात आहे," त्या म्हणाल्या, साखर डब्यात आहे असं सांगावं तसं.

तो हातापायावरून ताडकन उठला. मग जे सुरू झालं! नळाचं पाणी, आई! हळद, आई! तांब्याच्या भांड्यात, आई! चौदा महिने, आई! मला विचारायचं तरी!

"विचारलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "तूच म्हणालास, घे."

"ठीक आहे. आता काढू या. दोन मिनिटांचं काम. नारळ उचलायचा, नाणं काढायचं, दुसरं टाकायचं, नारळ ठेवायचा."

"घट बसलाय. दसऱ्यापर्यंत हलत नाही."

"काही होत नाही गं आई!"

"काही होत नाही, तर मग राहू दे की."

मुलगी अभ्यासाच्या वहीतून डोकं वर काढून म्हणाली, "जस्ट टेक इट आउट लाह, बाबा. गॉड वोन्ट माइंड वन." त्यावर आजी आणि बाबा दोघंही तिच्यावर एकदमच खेकसले. एवढ्या एका गोष्टीत त्यांचं एकमत झालं.

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. नवऱ्यानं नऊ दिवसांत क्लोरीन ब्रॉन्झचं काय करतं ह्यावर वाचन केलं आणि जेवताना आम्हाला त्याचे अहवाल दिले. सासूबाईंनी त्याला वरण वाढलं आणि ऐकलं नाही. मी देवापुढनं गेले की तो माझ्याकडं आशेनं बघायचा, जणू मी कधीतरी चोरून हात घालीन. आणि सासूबाई देवापुढून हलायच्याच नाहीत. दुपारची झोपही त्यांनी तिथंच चटईवर घ्यायला सुरुवात केली. दोघंही माझ्याशी एकमेकांबद्दल बोलायची. "त्याला सांग, चाळीस वर्षांत घट हलला नाही." "तिला सांग, सतराशे वर्षांत ते नाणं टिकलं होतं." मला वाटायचं, घट आणि नाणं दोन्ही गुंडाळून चांगीच्या समुद्रात टाकावं आणि रिकाम्या हातानं घरी येऊन झोपावं. एकीकडं कुंड्यांच्या मातीतून धान मात्र झकास वर आलं होतं. टोमॅटोच्या मातीला कसलंच सोयरसुतक नव्हतं.

सहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, दाराची बेल वाजली. टॉर्च घेतलेली तीच बाई. खालच्या मजल्यावर कुणालातरी डेंग्यू झाला होता आणि सगळ्या ब्लॉकची तपासणी चालू होती. तिनं डबे पाहिले, झाकणं पाहून मान डोलावली. मग ती हॉलमध्ये आली आणि घटासमोर थांबली. हिरवेगार अंकुर, ओली माती, मध्ये कलश.

"धिस वन प्रेअर आह? इनसाइड गॉट वॉटर?"

सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नाही, पण वॉटर कळलं. त्या घट आणि बाई ह्यांच्या मध्ये जाऊन बसल्या. दोन्ही हात मांडीवर, आणि नजर थेट नवऱ्याकडं.

मीही त्याच्याकडं पाहिलं. त्यानं एवढंच म्हणायचं होतं, 'हो, पाणी आहे, सहा दिवसांचं.' पुढचं सगळं आपोआप झालं असतं. सरकारी बाईनं सांगितल्यावर नारळ उचलावा लागला असता, पाणी ओतावं लागलं असतं, आणि नाणं त्याच्या हातात आलं असतं. आईला दोष द्यायलाही कुणी उरलं नसतं. त्यालाही हे सगळं दिसत होतं. त्याच्या चेहऱ्यावर मला ते स्पष्ट वाचता येत होतं. दोन शिपाई, त्यांचे गुडघे, चौदा महिने.

तो पुढं झाला, वाकला आणि बाईला पानांवर घट्ट बसलेला नारळ दाखवला. "फुल्ली कव्हर्ड," तो म्हणाला. "मॉस्किटो कान्ट गो इन. थ्री मोर डेज, देन वी विल एम्प्टी." बाईनं टॉर्च मारून चारी बाजूंनी पाहिलं. "ओके. बट थ्री डेज ओन्ली हां," ती म्हणाली, मातीत पाणी साचू देऊ नका असं बजावलं आणि शेजारच्या घराकडं गेली.

दार लागलं. मग सासूबाईच म्हणाल्या, "का नाही सांगितलंस? सुटलं असतं तुझं नाणं."

तो वैतागून म्हणाला, "तुझा तो जुना पैसा आणला असतास तर ही वेळच आली नसती. एवढी भांडी आणलीस पुण्याहून, एक पैसा नाही आणवला? कुठं ठेवलायस तो?"

"त्यांच्याबरोबर दिला."

"कुणाबरोबर?"

"अरे, तुझ्या बाबांबरोबर. अस्थींच्या मडक्यात घातला मी. म्हटलं, इतकी वर्षं दर नवरात्रात त्यांच्याच हातानं घटात पडलाय, ओळखीचं काहीतरी असू दे जवळ." त्यांनी घटातल्या मातीवर पाणी शिंपडलं. "तुला विचारणार होते. तू विमानात होतास."

रोमन लोक कुणाच्या तोंडात कुठलं नाणं ठेवत, हे ह्या माणसाला पाठ होतं. भर होडीत त्यानं ते आईला ऐकवलं होतं. आपल्या बापाबरोबर काय गेलं ते त्यानं दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. आणि मी तरी कुठं विचारलं होतं? मी तर तेव्हा तिथं होते. अस्थी आणल्या त्याच सकाळी मीही मुलीला घेऊन पुण्याला पोचले होते आणि पाहुण्यांच्या चहापाण्यात गुंतले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

उरलेले दिवस तो टेबलाशी बसला नाही. डब्यांतलं पाणीही बदललं नाही. ऑफिसातून येऊन आंघोळ करून घटाजवळ खुर्ची घेऊन बसायचा, फोन हातात, पण बघत असायचा दिव्याकडं. क्लोरीनचे अहवाल बंद झाले.

दसऱ्याला त्यानं घट हलवला. नारळ काढला, पानं काढली, कलशातलं पाणी अंकुरांवर ओतलं. सुपारी निघाली आणि पाठोपाठ नाणं. मी चटकन टिश्यूपेपर पुढं केला, भिंगही आणून ठेवलं होतं. नाणं हळदीनं पिवळं पडलं होतं आणि कडेनं ती फिकट हिरवी पावडर धरली होती. रोगच तो. पण सम्राटाचं नाक शाबूत होतं, आणि एक शिपाईही. मी मनात म्हटलं, सुटलो. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन मी आदल्याच दिवशी आणला होता, न सांगता.

तो नाणं घेऊन उठला आणि टेबलाकडं न जाता स्वयंपाकघरात गेला. तिथं सासूबाई ओट्याशी पूजेची भांडी घासायला घेत होत्या. समई, निरांजन, कलश, आणि वाटीत भिजलेली चिंच, वर मीठ. त्यानं नाणं निरांजनाशेजारी ठेवलं.

"हेही घास."

त्यांनी त्याच्याकडं पाहिलं. "अरे, तुझं आहे ते. चिंच लावायची नाही म्हणतोस ना? तोंड जाईल त्याचं."

"घटाचं आहे ते आता. आपल्या पैशावर तरी कुठं राहिलं होतं तोंड?"

मी दारात उभी होते, हातात टिश्यूपेपर. मला संताप आला. चौदा महिने! माझे ब्रश, माझी पैठणी, ते सगळे कॅन, आणि ते सगळं चिंचेच्या दोन बोटांत! हातातल्या टिश्यूपेपरचा मी बोळा केला. सासूबाईंनी चिंच-मीठ घेतलं आणि अंगठ्यानं ते गोल गोल घासलं. आधी हिरवं गेलं, मग तपकिरी. मग त्यांनी ते नळाखाली धरलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. नव्या कोऱ्या तांब्यासारखं लाल, लखलखीत, गुळगुळीत. सम्राट गेला होता, शिपाई गेले होते.

त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. मग ओट्याला टेकला आणि विचारलं, "बाबांच्या तोंडात काय घातलं होतंस?"

"तुळशीचं पान," सासूबाई म्हणाल्या. "आणि गंगेचं पाणी. शेजारच्यांकडून आणलं, आपल्या घरातलं वेळेवर सापडेना." त्यांनी चिंचेचा हात धुतला, पदराला पुसला. "बस. पहिल्यापासून सांगते."

ती दोघं तिथंच फरशीवर बसली. त्या दिवशी दसऱ्याचा सगळा स्वयंपाक मी त्यांना ओलांडून ओलांडून एकटीनं केला, आणि कुणालाही बाजूला हो म्हटलं नाही.